सीडीच्या वर कानाला काय मिळतं?

गणपतीत मुंबई-पुण्याहून कोकणातल्या खेडला आलेल्या चाकरमान्यांत गाण्याचा शौक असलेले दोघे-तिघे तरी भेटतातच. आरती आटोपली, चहा झाला की त्यांच्यात एक वाद हमखास रंगतो. साध्या सीडीपेक्षा हाय-रिझोल्यूशन डिस्क खरंच चांगली वाजते का? एक जण छातीठोकपणे सांगतो, जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा म्हणतो, सगळी विकण्याची युक्ती. गंमत अशी की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तशी डिस्क बऱ्याचदा चांगली वाजते, पण तिच्या वेष्टनावर छापलेल्या मोठ्या आकड्यांमुळे ती चांगली वाजते याला आधार फार थोडा आहे. श्रेय दुसऱ्याच गोष्टीचं असतं, आणि ती गोष्ट साध्या सीडीतही देता येते.

आधी सीडी म्हणजे काय ते पाहू. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून तिचं मानक ठरवलं आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात ती बाजारात आली. माइकमधून येणाऱ्या विद्युत लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांच्या आकड्यात लिहायचं, एवढंच तिचं तत्त्व. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून, असं कुणालाही वाटेल. त्या काळी एवढी आकडेवारी साठवायला व्हिडिओ टेपशिवाय परवडणारं साधन नव्हतं. अमेरिकी-जपानी पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि एका ओळीत ३ नमुने. गुणाकार करून पाहा, बरोबर ४४,१०० येतात. युरोपच्या पद्धतीत ५० फील्ड आणि २९४ ओळी, तरी उत्तर तेच. म्हणून तो आकडा दोन्हीकडे चालला आणि कायमचा रुजला.

आता सेकंदाला एवढेच नमुने घेतले तर मधल्या जागेतला आवाज हरवणार, हा पहिला आक्षेप. दुकानातल्या पत्रकांत चित्रही तसंच असतं: सीडीची लहर जिन्यासारखी खाचाखाचांची आणि हाय-रिझोल्यूशनची गुळगुळीत. हे चित्र चुकीचं आहे. नायक्विस्टने १९२८ मध्ये, रशियात कोटेल्निकोव्हने १९३३ मध्ये आणि शॅननने १९४९ मध्ये ज्या सिद्धान्ताची मांडणी केली तो असं सांगतो की एखाद्या लहरीतली सर्वांत वरची कंप्रता जेवढी असेल, तिच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले की ती लहर पुन्हा तंतोतंत उभी करता येते. ‘जवळपास तशी’ असं सिद्धान्त म्हणत नाही, तंतोतंत म्हणतो. सीडी प्लेयरमधून बाहेर पडणाऱ्या लहरीला खाचा नसतात, शेवटचा फिल्टर ती पूर्ववत गुळगुळीत करूनच सोडतो. प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप लावला तर हे डोळ्यांनी दिसतं. तेव्हा ४४,१०० नमुन्यांत २२,०५० हर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं आणि माणसाचा कान ऐन तारुण्यात फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत पोचतो.

हे आकडे कोरडे वाटत असतील तर तानपुऱ्यावर मोजून पाहू. ‘काळी एक’मध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. तानपुऱ्याची तार छेडली की हा मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर एकदम उठतात. जव्हारी नीट लागली असेल तर हे उपस्वर भरघोस येतात आणि ज्याला आपण तानपुरा बोलतोय म्हणतो ते घडतं. दहावा उपस्वर १,४०० हर्ट्झच्या आसपास, पन्नासावा सातेक हजारांवर. सीडीची मर्यादा गाठायला जवळजवळ १५९ वा उपस्वर लागेल. ‘काळी पाच’मध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २३३ हर्ट्झचा, तिथेही पन्नासावा उपस्वर साडेअकरा हजारांच्या पुढे फारसा जात नाही. आवाजाचा गोडवा, खर्जातली गाज, आकारातला फरक, मींड, कणस्वर हे सगळं दहा हजार हर्ट्झच्या आत राहतं. गाण्याचं गाणंपण ज्यात आहे त्यातलं काहीही सीडीने गाळलेलं नाही.

मग वीस हजारांच्या वर काहीच नसतं का? असतं, आणि आपल्याकडच्या वाद्यांत भरपूर असतं. धातूवर धातू आपटला की फार वरच्या कंप्रता निघतात. अमेरिकेतल्या कॅल्टेकमध्ये जेम्स बॉइक यांनी नव्वदच्या दशकात निरनिराळ्या वाद्यांचं मोजमाप केलं, तेव्हा मोठ्या झांजेच्या आघातातली सुमारे ४० टक्के ऊर्जा वीस हजार हर्ट्झच्या वर सापडली. शिमग्यात नमनाच्या खेळ्यांत जी झांज वाजते, संकासुराचं सोंग घेणाऱ्याच्या कमरेला जी घुंगरं खळखळतात, त्यांच्यातूनही असा बराचसा आवाज निघतो. अंगणावरून फिरणाऱ्या वटवाघळांना तो ऐकू जात असेल, कुत्र्यालाही थोडाफार जात असेल. माणसाच्या कानाला नाही. पन्नाशीच्या माणसाला बारा-चौदा हजारांच्या वरचंही ऐकू येणं कठीण. जो आयुष्यभर लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ब्लोअर आणि कॉम्प्रेसरपाशी उभा राहिला किंवा मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचला, त्याचा वरचा पट्टा त्याच्याही आधी गेलेला असतो. महागडी डिस्क घेणारा माणूस बहुधा याच वयाचा असतो, कारण पैसे त्याच वयात हाताशी येतात.

जपानात त्सुतोमु ओहाशी यांनी वेगळा दावा केला होता. इंडोनेशियातल्या गामेलान वाद्यवृंदाचा आवाज ऐकवताना अतिउच्च कंप्रता सोबत असल्या तर ऐकणाऱ्याच्या मेंदूच्या लहरी बदलतात, असं त्यांना आढळलं. हा दावा इतरांना तितक्या स्पष्टपणे पुन्हा दाखवता आलेला नाही. शिवाय एक अडचण आहे. न ऐकू येणाऱ्या दोन कंप्रता ॲम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या फरकाइतकी तिसरी कंप्रता तयार होते आणि ती मात्र ऐकू येऊ शकते. म्हणजे काही वेळा हाय-रिझोल्यूशनमध्ये जे ‘जास्तीचं’ ऐकू येतं, ते यंत्राने घातलेलं असतं.

दुसरा आक्षेप बिटांचा. १६ बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांच्यात ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं, २४ बिटांत कागदावर १४४. खेडमध्ये राहणाऱ्याला हा हिशोब घरबसल्या करता येतो. जुलैत पत्र्याच्या पडवीत बसलं की पावसाचा आवाजच ६५-७० डेसिबलच्या घरात जातो, शेजारचा माणूस ओरडून बोलतो. अशा वेळी गाणं अगदी ९५ डेसिबलपर्यंत चढवलं तरी वापरात येतं ते पंचवीस-तीस डेसिबलचं अंतर. थंडीतली रात्र घेऊ. महामार्गापासून आत, जगबुडी नदीच्या पलीकडे एखाद्या वाडीत रातकिडेही गप्प झालेत आणि खोलीत तीसेक डेसिबलची शांतता आहे. तरी अंतर पासष्टच भरतं. सीडीचे ९६ डेसिबल पुरे पडू नयेत असं वाटत असेल तर त्याच खोलीत १२५ डेसिबलने गाणं लावावं लागेल, आणि तिथे कानात वेदना सुरू होतात. लिटरभर दुधाला पाच लिटरची किटली घेतली तरी दूध लिटरभरच राहतं.

हाय-रिझोल्यूशन डिस्क म्हणून जे बाजारात आलं त्यात दोन नावं मुख्य. सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी, १९९९ मध्ये आली. तिच्यात १६ बिटांऐवजी एकच बिट असतो, पण तो सेकंदाला २८,२२,४०० वेळा लिहिला जातो. डीव्हीडी-ऑडिओ २००० मध्ये आली, २४ बिट आणि १,९२,००० नमुन्यांपर्यंत जाणारी. दुसरी लवकरच मागे पडली. पहिली अजून निघते, पण थोड्या शौकिनांसाठी. एसएसीडी विकत घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बऱ्याच एसएसीडी दुपदरी असतात, लेझरच्या जवळच्या अर्धपारदर्शक थरात एसएसीडी आणि त्यापलीकडे, लेबलाजवळच्या थरात साधी सीडी. साध्या प्लेयरमध्ये घातली की सीडीचा थर वाजतो. ‘एसएसीडी लावली आणि काय आवाज आला!’ असं सांगणाऱ्याने कित्येकदा सीडीच ऐकलेली असते. या डिस्कांचा एक गुण मात्र निर्विवाद: दोनऐवजी पाच-सहा स्पीकरांसाठी वेगवेगळे आवाज त्यांत भरता येतात. सभागृह भोवती उभं राहिल्याचा तो अनुभव खरा आहे. त्याचा संबंध स्पीकरांच्या संख्येशी आहे, बिटांशी नाही.

या सगळ्यावर कानांची परीक्षा घेतली गेलीच. बॉस्टनमध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी वर्षभराहून जास्त काळ चाचण्या घेऊन २००७ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांची युक्ती सोपी आणि चोख होती. एसएसीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ लावायची, आणि तिचा आवाज एकदा सरळ ऐकवायचा, एकदा सीडीच्या १६ बिट, ४४,१०० नमुन्यांच्या गाळणीतून काढून ऐकवायचा. गाणं तेच, आवाजाची पातळी तीच. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढंच जमलं असतं. त्यांच्या चाचणीवर टीका झाली की वापरलेल्या काही डिस्कांचं मूळ मुद्रणच जुनं होतं, तेव्हा गाळणीत गळायला काही नव्हतंच. टीका रास्त आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. चारशेहून जास्त ऐकणारे, साडेबारा हजारांहून जास्त उत्तरं. बरोबर उत्तरं निघाली ५२.३ टक्के. आधी सराव दिलेल्यांची मजल साठ टक्क्यांच्या आसपास गेली. फरक शून्य आहे असं त्यामुळे म्हणता येत नाही. पण जो फरक ओळखायला सराव लागतो आणि तरीही दहातली चार उत्तरं चुकतात, त्याला जमीन-अस्मानाचा म्हणणं मला पटत नाही.

ही परीक्षा कुणालाही घरी घेता येते. एखादी २४ बिटांची फाइल घ्यावी, संगणकावर ती सीडीच्या दर्जाला उतरवावी, पुन्हा वर चढवावी आणि दोन्ही फाइली, कुठली चालू आहे ते न पाहता, ऐकाव्यात. फूबार नावाच्या मोफत प्लेयरमध्ये त्याची सोय आहे. सोळा वेळा विचारून निदान बारा उत्तरं बरोबर आली तर काही ऐकू आलं असं मानायला हरकत नाही. एक पथ्य मात्र कडक पाळायचं. दोन्हींच्या आवाजाची पातळी अगदी सारखी हवी, कारण जरा मोठा आवाज कानाला मोठा वाटण्याऐवजी ‘स्पष्ट’, ‘मोकळा’, ‘भरलेला’ वाटतो. दुकानातल्या तुलनेत हीच गफलत होते. आम्ही घरी चार कान जमवून हा उद्योग केला तेव्हा पाहण्यासारखं होतं ते चेहऱ्यांत. कुठली फाइल चालू आहे हे पडद्यावर दिसत असेतो सगळे ठामपणे बोलत होते. पडदा झाकला आणि तीच मंडळी डोळे मिटून, मान तिरकी करून, तबल्याच्या चाटीवर कान रोखून बसली आणि उत्तर द्यायला दुप्पट वेळ घेऊ लागली.

मग ती डिस्क बऱ्याचदा चांगली वाजते, असं मी सुरुवातीला म्हटलं ते का? मेयर आणि मोरान यांनीही आपल्या लेखात हेच नोंदवलं होतं. गाळणीने फरक पडला नाही, पण त्यांच्याकडच्या एसएसीडी नेहमीच्या बहुतेक सीडींपेक्षा सरस वाजत होत्या. कारण मास्टरिंग. ध्वनिमुद्रण झाल्यावर शेवटचा हात फिरवणारा तंत्रज्ञ ठरवतो की बारीक आवाज किती बारीक ठेवायचा आणि मोठा किती मोठा. नव्वदच्या दशकापासून संगीत कंपन्यांनी प्रत्येक गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून हे अंतर दाबून टाकायला सुरुवात केली. तबल्याच्या थापेचं टोक कापायचं, आलापातला कुजबुजता स्वर वर ओढायचा, सगळं एका पातळीला आणायचं. मेटॅलिका या बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह याचं कुप्रसिद्ध उदाहरण. सीडीत तो इतका दाबला होता की चाहत्यांनी तक्रारी केल्या, आणि तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी ऐकू येत होती. एसएसीडी घेणारा माणूस शांत खोलीत बसून ऐकणार हे तंत्रज्ञाला ठाऊक असतं. तिथे त्याच्यावर दडपण नसतं, तो हात सैल सोडतो. त्या सैल हाताचं काम जसंच्या तसं सीडीवर उतरवलं तर ते तितकंच चांगलं वाजेल. शौकिनाने वेष्टनावर बिट मोजण्याऐवजी मास्टरिंग कुणी केलं आणि मूळ टेप कुठली वापरली ते वाचावं, असं मी कळकळीने सांगेन.

मराठी ऐकणाऱ्यासाठी तर हे दुप्पट खरं आहे, कारण आपला ठेवा बहुतांश जुना आहे. मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९०५ च्या सुमारास भोंग्यासमोर गायले आणि पुन्हा तीसच्या दशकात माइकसमोर गायले. भोंग्याच्या मुद्रणात अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही उतरत नसे. १९२५ मध्ये विजेवरचं मुद्रण सुरू झाल्यावर ती मर्यादा पाच-सहा हजारांच्या पुढे सरकली. त्या दोन काळांतल्या तबकड्या लागोपाठ ऐकल्या तर फरक लहान मुलालाही कळतो. बालगंधर्वांच्या तबकड्या या दोन्ही काळांतल्या आहेत. त्यांचं १,९२,००० नमुन्यांत रूपांतर केलं तर सहा-आठ हजारांच्या वर नोंदली जाईल ती फक्त सुईची खरखर. साठ-सत्तरच्या दशकांतल्या भावगीतांच्या, अभंगांच्या टेप पुष्कळ चांगल्या, पण टेपचा स्वतःचा सूंऽऽ आवाज असतोच. बारीक-मोठ्यातलं त्यांचं अंतर सत्तर डेसिबलच्या आसपास थांबतं. सीडीत त्या आरामात बसतात.

आणि गीतरामायण आठवा. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली. मीडियम वेव्हवर पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही घरच्या रेडिओपर्यंत पोचत नसे. तेवढ्यात लोक हात जोडून बसत. गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल त्या अरुंद पट्ट्यातूनही पूर्ण पोचली, कारण शब्दाचा उच्चार आणि सुराची जागा दोन्ही त्या पट्ट्यातच असतात.

पैसे खर्चायचेच असतील तर ते स्पीकरवर खर्चावेत आणि स्पीकर कुठे ठेवायचे यावर डोकं. साधी सीडी जेवढी विकृती आवाजात घालते त्याच्या शेकडो पट ती स्पीकर घालतो, आणि त्याहून जास्त खोली. आपल्या जुन्या चिऱ्याच्या घरांना उतरतं कौलारू छप्पर असतं, फटींतून हवा खेळते, त्यामुळे आवाज समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमत नाही. नव्या स्लॅबच्या घरात वर सपाट छत, खाली गुळगुळीत फरशी आणि चारही बाजूंना रंगवलेल्या भिंती. तिथे सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट एवढ्यानेही जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्कने पडणार नाही.

कोकणात डिस्कचा खरा शत्रू आहे दमट हवा. २००१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या दमट देशातून आलेल्या एका सीडीवर बुरशी सापडली. तिने कडेकडून आत शिरून प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचा पातळ थर दोन्ही खाल्लं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात चपलेवर, पट्ट्यावर, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पांढरी लव चढते ती पाहता डिस्क कपाटाच्या तळाशी ठेवणं बरं नव्हे. जुलै २०२१ च्या पुरात खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तशा प्रसंगी मात्र सीडी चिवट निघते. चिखल नळाखाली हलक्या हाताने धुवावा, मध्यापासून कडेकडे सरळ पुसावं. सीडीवर आकडे अशा गुंफणीने लिहिलेले असतात की सलग सुमारे अडीच मिलिमीटरचा माग खराब झाला तरी प्लेयर गेलेले आकडे गणिताने जसेच्या तसे परत मिळवतो. ओरखडा गोल दिशेने, मागाच्या बाजूने गेला तर मात्र ती सोय पुरत नाही.

मग २४ बिट आणि ९६,००० नमुने हे सगळं फुकट का? मुळीच नाही. त्यांची जागा ध्वनिमुद्रणाच्या वेळी आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही जुन्या टेप-तबकड्यांची नक्कल निदान ४८,००० नमुने आणि २४ बिटांत करावी, शक्य तर ९६,००० नमुन्यांत, असं सांगून ठेवलं आहे. पुढे कुणी खरखर काढू पाहील, वेग दुरुस्त करील, त्या कामाला मोकळी जागा लागते. आपल्या तालुक्यात वाडीवाडीत नमनाची म्हातारी गाणारी मंडळी आहेत, त्यांच्या गणाच्या, गौळणींच्या चाली एका वाडीच्या दुसऱ्या वाडीत नसतात आणि त्यातल्या पुष्कळ अजून कुणी मुद्रित केलेल्या नाहीत. या शिमग्यात कुणी रेकॉर्डर घेऊन जाणार असेल तर तो २४ बिटांवरच लावावा. मृदंग कधी उसळेल, झांज कधी कानाशी येईल याचा अंदाज नसतो, म्हणून आवाजाची पातळी मुद्दाम १८ डेसिबल खाली ठेवावी लागते. त्यात तीन बिट जातात. १६ मधून तीन गेले तर तेरा उरतात, म्हाताऱ्याच्या बसक्या आवाजातले शब्द खरखरीपाशी येतात. २४ मधून तीन गेले तरी एकवीस उरतात आणि प्रत्यक्षात कुठल्याच माइकला तेवढे लागत नाहीत. माइक झांजेपासून दूर, गाणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर, हात-दीड हातावर धरावा आणि गाणं सुरू होण्याआधी गाणाऱ्याचं नाव, वाडी आणि तारीख त्याच मुद्रणात बोलून घ्यावी.